स्टिकरवरचे साठ घोडे

"साठ घोडे आहेत यात, नर्सबाई. साठ!" बोटीच्या मागच्या इंजिनाच्या झाकणावर थाप मारत कप्तान म्हणाला.

तो कधीच कुठल्या जहाजाचा कप्तान नव्हता. त्याचं बर्फाचं दुकान होतं. डोक्यावर सदा एक पांढरी टोपी असायची, म्हणून लोकांनी त्याला ते नाव चिकटवलं होतं आणि त्यालाही ते आवडायचं.

नर्सबाईंनी झाकणावरचा स्टिकर पाहिला. साठचा आकडा लालभडक होता. मग त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. त्याची सगळी हयात पंप आणि इंजिनं दुरुस्त करण्यात गेली होती. इंजिन ज्या लोखंडी पकडीवर अडकवलेलं होतं, तिच्यावरून तो बोट फिरवत होता.

"इथे नंबरची पट्टी असते," तो म्हणाला. "तिच्यावर रंग कसा काय?"

"गंज लागू नये म्हणून मारला."

"फक्त पट्टीवरच?"

कप्तान नुसता हसला.

"चाळीसचं आणि साठचं, दोन्हींचा सांगाडा एकच असतो," दादा बहिणीला हळूच म्हणाला. "बाहेरून काही कळायचं नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत नसली म्हणजे मिळवलं."

नर्सबाईंना चूक परवडणारी नव्हती. नदीपलीकडच्या वस्तीत त्यांचा दवाखाना होता आणि मोठं हॉस्पिटल अलीकडे. मधला पूल दोन वर्षांपूर्वी पुरात कोसळला, नुसते खांब उरले. फेरीबोट संध्याकाळी पाचला बंद व्हायची. गेल्या महिन्यात एक बाळंतीण धक्क्यावर फेरीची वाट बघता बघता गेली. तिची नाडी नर्सबाईंच्या बोटांखाली थांबली होती. त्यानंतर वस्तीने ठरवलं की आपली स्वतःची बोट हवी, आणि निवडायचं काम त्यांच्यावर सोपवलं.

दादाने इंजिनाचे तिन्ही प्लग काढले आणि पिशवीतलं दाब मोजायचं मीटर एकेका भोकाला लावलं. पहिल्या दोन सिलिंडरांचा काटा सारखाच चढला. तिसऱ्याचा अर्ध्यावरच अडखळला.

"इंजिन थंड आहे हो," कप्तान घाईघाईने म्हणाला.

"थंड असेल तर तिन्ही थंड असतील. चला, गरम करून बघू."

"चला की! आपण दोघं खाली समुद्राच्या बाजूला एक चक्कर मारू. वाऱ्यासारखी पळते."

"खाली नाही, वर," नर्सबाई म्हणाल्या. "खांबांमधून. हॉस्पिटलचा धक्का तिकडेच आहे. आणि दोघं नाही. चालवणारा, पेशंट, सोबतचं माणूस आणि मी. सामानाच्या वजनाचे पाण्याचे कॅन भरून घ्या."

"आत्ता ओहोटी आहे, बाई. पाणी जोरात असतं तिथे."

"पेशंट काय भरती बघून आजारी पडतो?"

कप्तान टोपी सारखी करत उभा राहिला. एवढ्यात त्याची बायको घरातून पदर खोचत बाहेर आली.

"मी येते. पेशंट म्हणून मला धरा."

"तुझं काय काम तिथे?"

"बोट माझ्या बाबांची आहे. कुणाच्या हाती जाते ते मला बघायचंय."

चौघांनी लाइफ जॅकेट घातली. चार कॅन मध्ये ठेवले. कप्तानाने आधी हट्टाने बोट खालच्या अंगाला नेली. प्रवाहाची साथ मिळाल्यावर ती खरंच सुसाट निघाली. "बघा!" तो ओरडला. मग त्याने ती वळवली.

वळल्याबरोबर सगळं बदललं. नाक वर उचललं गेलं ते खाली येईना. खांबांच्या अलीकडेच पुलाचा कोसळलेला एक तुकडा पाण्यातून वर आलेला होता, त्याच्या सळ्या सगळीकडून बाहेर निघाल्या होत्या. त्याला उजवीकडे ठेवून बोट कशीबशी पुढे गेली आणि दोन खांबांच्या मध्ये शिरली. तिथे पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसत होतं.

"फुल रेस दिलीय?" दादाने विचारलं.

"दिलीय की!"

इंजिन कानठळ्या बसतील असं ओरडत होतं. शेजारच्या खांबाला एक उभी भेग होती. नर्सबाईंनी तिच्यावर नजर ठेवली आणि सवयीने घड्याळाकडे पाहिलं. पाच सेकंद झाले, दहा झाले, पंधरा झाले. भेग होती तिथेच होती. बोट जागची हलत नव्हती.

दादाचं लक्ष इंजिनाच्या मागे पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर होतं. इंजिन थंड ठेवणारं पाणी तिथून बाहेर येतं. ती धार बारीक झाली, मग थेंब थेंब गळायला लागली.

"धार बंद झाली! रेस कमी कर!"

"एवढा खांब पार होऊ दे!"

धोक्याचा भोंगा किंचाळला आणि पुढच्याच क्षणी इंजिनाने स्वतःला वाचवायला आपणहून रेस उतरवली. आवाज एकदम खाली आला. बोट मागे घसरायला लागली. नर्सबाईंनी मान वळवून पाहिलं. सळ्यांचा तो ढिगारा आता बरोबर मागे होता.

कप्तानाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने स्टिअरिंग गरागरा फिरवायला सुरुवात केली.

"अहो, वळवू नका! आडवी झाली की संपलो आपण!" बायकोने त्याला खांद्याने बाजूला ढकललं आणि स्टिअरिंग ताब्यात घेतलं. "दादा, इंजिन किती वेळ चालेल?"

"भाजतंय. दोन मिनिटं. फार तर."

"दोन पुरतील. बाई, कॅन फेका!"

नर्सबाईंनी एकेक कॅन उचलून पाण्यात लोटला. तिसऱ्याला हात घसरला, नख मोडलं, ते त्यांना नंतर कळलं. कप्तानीण बोटीचं तोंड प्रवाहाकडेच ठेवून ते किंचित किनाऱ्याकडे कलतं करत होती. बोट मागे जात होती, पण तिरपी, बोटाबोटाने काठाकडे सरकत.

"एक मिनिट झालं," नर्सबाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

जळक्या रबराचा वास आला. दादा वल्हं घेऊन मागच्या कडेला गुडघ्यांवर बसला. पहिली सळी हातभर अंतरावर आली. त्याने वल्हं काँक्रीटला टेकवून सगळं अंग टाकलं. वल्हं मोडलं. एक सळी बोटीच्या कुशीवर कर्रर्र करत गेली आणि ढिगारा पुढच्या बाजूला निघून गेला.

संथ पाण्यात आल्यावर इंजिन दोनदा खडखडलं आणि बंद पडलं. कप्तानिणीने काठचं एक झुडूप दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

दादाने खिशातला चाकू काढला आणि पट्टीवरचा रंग खरवडला. खाली चाळीसचा आकडा होता.

"त्यात एक सिलिंडर अर्धमेला," तो म्हणाला. "म्हणजे धड चाळीसही नाही."

"जुनं झाकण फुटलं होतं," कप्तान खाली बघत म्हणाला. "भंगारात हे मिळालं. लोक साठ म्हणायला लागले, मीही म्हणू दिलं."

"आणि रंग?"

"तो... परवा मारला."

नर्सबाईंना ओरडायचं होतं. पण त्यांनी बोटीच्या मधल्या फळीवर हात ठेवला. "आज मधल्या फळीवर कळा देणारी बाई असती, कप्तान," एवढंच त्या म्हणाल्या.

"मलाही माहीत होतं," कप्तानीण म्हणाली. "स्टिकर खोटा आहे हे. सकाळपासून गप्प बसले. म्हणूनच बरोबर आले."

दादा उठून बोटीच्या तळाशी ठकठक करत फिरला. सळीचा ओरखडा लांब होता, पण वरवरचा. "बोट मात्र खणखणीत आहे," तो म्हणाला. "वहिनी, तुमच्या वडिलांनी काम चोख केलंय."

इंजिनाशिवाय नुसती बोट विकायला कप्तान दुसऱ्याच दिवशी तयार झाला. घासाघीस त्याने केली नाही. नर्सबाईंनी वस्तीला घडलं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा अशा माणसाची बोट घेतली म्हणून दोघाचौघांनी नाकं मुरडली. पण बाकीचे म्हणाले, बघून घेतलंत ते बरं झालं.

एक प्रश्न राहिला होता. त्यासाठी नर्सबाई स्वतः कप्तानाच्या घरी गेल्या.

"वहिनी, बोट चालवायला माणूस हवंय."

कप्तान दारातच उभा होता. तो बाजूला सरकला.

"विचार करून सांगते," कप्तानीण म्हणाली.

चार दिवसांनी ती दवाखान्यात आली. बाकावर पेशंट बसले होते, त्यांच्या रांगेत तीही बसली. तिचा नंबर आल्यावर आत येऊन म्हणाली, "येते मी कामाला. पण नवं इंजिन मला दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही. दादांनाही तसं सांगा."