दंडावरचा दोरा

रामराव महाराजांच्या मठात दर गुरुवारी गूळतुला व्हायची. अंजनगाव सुर्जीच्या मुंग्यासुद्धा गुरुवार ओळखायच्या. एका पारड्यात किडनीचा रोगी, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. मागच्यापेक्षा एक भेली जास्त लागली, की महाराज डोळे मिटत. "अंग धरून राह्यला. डायलिसिस लांबवा. डाळ-अंडं बंद. तीर्थ प्या पोटभर." गर्दी हात जोडायची, गूळ मठात राहायचा.

मनकर्णाबाईच्या नवऱ्याचं, देवमनचं पारडं सारखं जड होत होतं. भाजीच्या टोपलीसोबत ती ही बातमीही गावभर वाटायची. महाराज तिचा मावसभाऊ. त्याच्या मनगटावर तिचीच राखी.

एका सकाळी देवमनला श्वास पुरेना. तिनं त्याला अमरावतीच्या दवाखान्यात आणलं.

"वजन तं वाढून राह्यलं, ताई," ती तिथल्या आहारतज्ज्ञ सीमाताईंना म्हणाली. "तराजू खोटा हाये का?"

"तराजू खरा आहे. वाढलंय काय, ते पाहू." सीमाताईंनी देवमनची नडगी अंगठ्यानं दाबली. खळगा पडला, तो भरेचना. मग त्यांची नजर दंडाकडे गेली. महाराजांनी बांधलेला काळा दोरा कोपरापर्यंत घसरला होता.

"बांधला तेव्हाही असाच सैल होता?"

"नाई वो. कातडीत रुतला होता. मीच म्हनलं, भाऊ, जरा ढिला बांध. त्यानं आयकलं नाई."

"मग गाठ कुणी सोडली?"

"गाठीवर लाखेचा ठप्पा हाये, तसाच. कोन सोडन?"

"म्हणजे दंडच सुकला, मावशी. मांस गेलं, अंगात पाणी साचलं. तराजूला दोन्ही सारखंच. डायलिसिसवरच्या माणसाला डाळ-अंडं लागतं, आम्ही सांगू तेवढं. आणि ते तीर्थ चवीला कसं लागतं?"

"खारट," देवमन पुटपुटला. "जेवढं पेलं, तेवढी तहान."

"मीठच ते. तहान वाढवतं आणि पाणी अंगात धरून ठेवतं," सीमाताई म्हणाल्या.

डायलिसिस झालं, पाणी उतरलं, श्वास मोकळा झाला. पुढच्या गुरुवारी मनकर्णाबाईनं त्याला पुन्हा पारड्यात बसवलं. भेल्या उतरवाव्या लागल्या.

"श्रद्धा ढळली, अंग उतरलं," महाराज म्हणाले.

"मंग आता याले धाप कावून नाही, भाऊ?" तिनं तीर्थाचा गडवा पुढे केला. "पे. एक घोट."

महाराजांनी गडव्याला हात लावला नाही.

"म्हंजे मिठाचं तुले ठाऊक होतं." तिचा आवाज चढला नाही. "तुया भरवशावर मी याच्या ताटातली डाळ काढली, रामभाऊ. माया हातानं."

ती गर्दीकडे वळली. "नडगी दाबून पाहा. दंडाचा दोरा पाहा. फुगला म्हंजे बरा झाला नाही. डॉक्टरले इचारा."

आधी एका म्हातारीनं आपल्या लेकाची नडगी दाबली. खळगा तसाच राहिला. मग सगळ्या मठात माणसं खाली वाकली. महाराजांच्या पायाशी मात्र कोणी नव्हतं.

मनकर्णाबाईनं हात पसरला. "माई राखी दे."