विरलेला फेस

बिअर तिने स्वतः बनवली होती आणि आज भावाच्या नव्या बारमध्ये तिचं पहिलं पिंप उघडलं होतं. तिने घोट घेऊन ग्लास खाली ठेवला, तोच वरचा फेस विरून गेला. ग्लास तेलकट असला की असं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"वहिनी, ग्लास धुतलेत की नुसते पाण्याला दाखवलेत?"

गिऱ्हाइकं खो खो हसली. वहिनीचा चेहरा उतरला. "पुन्हा धुते, ताई," म्हणत ती मांडणीवरचे सगळे ग्लास आत घेऊन गेली.

मग तिचं लक्ष गिऱ्हाइकांच्या हातांकडे गेलं. त्यांच्या ग्लासांवर सायीसारखा दाट फेस होता. विरला होता तो एकटा तिचाच, आणि काठावर ओठांचा चकचकीत ठसा होता. ओठ फुटले म्हणून निघताना तिने चांगलं बोटभर मलम चोपडलं होतं.

वहिनी गरम पाण्याने लाल झालेल्या हातांनी ग्लास घेऊन परतली.

"वहिनी, ग्लास स्वच्छच होते. माझ्या ओठांना मलम होतं," ती पुटपुटली.

"काय म्हणालात? या गोंगाटात ऐकू नाही आलं."

बोल लावले चारचौघांत आणि माफी मागतेय कानात! तिची तिलाच लाज वाटली. तिने तेच पुन्हा, शेवटच्या टेबलापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं.

"मग आता पुसू तरी लागा," म्हणत वहिनीने तिच्या हातात फडकं दिलं.

मान वर न करता ती ग्लास पुसू लागली.