चढले तेवढे उतरले

मालिकेचं सुरुवातीचं गाणं लागलं की थोरली स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घ्यायची. घासलेलीच भांडी. आदळायला काहीतरी हातात हवं म्हणून.

बाहेरच्या खोलीत आई टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसलेली असायची. केस विंचरून, धुतलेले कपडे घालून, जणू पाहुणे यायचेत. पडद्यावर निळंशार पाणी कापत पांढरी मोटारबोट यायची आणि सुकाणूवर कप्तान. उंच, रुंद खांद्यांचा, एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं धक्क्यावरच्या पोरीला टाटा करणारा. ती पोरगी म्हणजे आई. म्हणजे मालिकेतली आई. तिला काम एकच, धक्क्यावर उभं राहून रुमाल हलवायचा.

"रुमाल हलवून हलवून हात दुखत नाही का गं त्या बाईचा?" थोरली आतून ओरडायची.

"गप गं. बघू दे."

खरी गोष्ट अशी की पूल होण्याआधी या तीरावरून त्या तीरावर मोटारबोट चालवायची ती आई. परवाना वडिलांच्या नावावर होता, टोपी वडिलांच्या डोक्यावर होती, आणि त्या टोपीवरून लोकांनी त्यांना चिडवायला नाव ठेवलं होतं, कप्तान. कप्तान सकाळी बोटीत चढायचे, पुढच्या टोकाला ताडपत्री पांघरून आडवे व्हायचे आणि संध्याकाळी घरी जायला उठायचे. आदल्या रात्रीची दारू अंगातून जायला तेवढा वेळ लागायचाच. इंजिनाची दोरी ओढायची आई, सुकाणू धरायची आई, आणि तेलानं काळी झालेली नखंही आईचीच. थोरली तेव्हा शाळेत होती. बोटीत शिरलेलं पाणी ती डब्यानं उपसून टाकायची.

आईचा एक शिरस्ता होता. बोट धक्क्याला लागली की आधी ती स्वतः एक पाय धक्क्यावर टाकायची, दुसरा बोटीत ठेवायची आणि एकेकाचं मनगट धरून उतरवायची. शेवटचं माणूस उतरलं की मोठ्यानं हाळी द्यायची, "चढले तेवढे उतरले!" ती हाळी ऐकल्याशिवाय धक्क्यावरचं कुणी बोटीत पाय ठेवत नसे. थोरली आता शाळेची बस चालवते. शेवटचं पोर उतरलं की अजूनही तेच तोंडातल्या तोंडात पुटपुटते आणि मगच दार लावते.

मालिकेचा लेखक घरी आला तेव्हा तोंडात साखर घेऊन आला होता. जुना काळ, जुन्या बोटी, कशी साधी माणसं होती नाही, असं काहीबाही बोलत होता. आई भाळली. दुपारभर त्याला सगळं सांगत बसली. त्यानंही सगळं घेतलं. दोरी घेतली, हाळी घेतली, काळी नखंसुद्धा घेतली आणि नेऊन कप्तानाला चिकटवली.

पहिला भाग बघून थोरलीनं त्याला फोन लावला होता.

"ताई," तो म्हणाला, "लोकांना त्या काळाची ओढ लागायला हवी ना. सुकाणूवर बाई दाखवली की ते कष्टाचं वाटतं."

"वाटतं? अहो, कष्टच होते ते!"

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. थोरलीनं फोन असा ठेवला की टेबलावरचा पेला पडला.

पण लेखक परवडला. आईचं काय करायचं? शेजारची शिवणवाली, जी पूल झाल्यावर इथं राहायला आली होती आणि जिनं बोट कधी बघितलीच नव्हती, ती रोज मालिका संपली की गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून यायची.

"काय होते हो तुमचे मिस्टर! असा नवरा मिळायला नशीब लागतं."

आणि आई लाजायची. या वयात, लाजायची! "होते खरे. सगळं खरं आहे हो ते. जसंच्या तसं."

शिवणवाली गेली की थोरली उसळायची. "जसंच्या तसं? ताडपत्रीखाली घोरायचे ते कुठं दाखवलंय?"

"ते कशाला दाखवायला हवं?" आई म्हणायची. "उभा जन्म त्याच्याबरोबर काढला, एकदा उठून सुकाणूला हात लावला नाही त्यानं. आता रोज अर्धा तास लावतोय, तर लावू दे की. तुझं काय जातंय?"

"माझी आई जातेय."

"जातेय कुठं? ही काय, बसलेय तुझ्यासमोर."

अशा बाईशी भांडायचं तरी कसं? थोरली परत भांड्यांकडे वळायची.

मग मालिका संपत आली, आणि लोकांना रडवल्याशिवाय संपवायची नाही असं तिकडे ठरलं असावं. वादळ आलं. कप्तानाची बोट कलंडली. बोटीत एक गर्भार बाई होती, ती पाण्यात पडली. कप्तानानं तिचं मनगट धरलं आणि ते त्याच्या हातातून सुटलं. शेवटी तो धक्क्यावर एकटा, भिजलेला. ओठ हलतात, "चढले तेवढे..." आणि पुढचं त्याच्यानं म्हणवत नाही. मागे व्हायोलिन.

व्हायोलिन मध्येच बंद पडलं म्हणून थोरली बाहेर आली. आईनं टीव्ही बंद केला होता आणि ती उभी होती.

"कोण बुडालं?" आई म्हणाली. "माझ्या बोटीतून कोण बुडालं?"

"आई, ती मालिका आहे."

"ती बाई मी नेली होती! कळा सुरू झालेल्या, वरून वादळ, कुणी न्यायला तयार नव्हतं. मी नेली. उतरवली. मुलगी झाली तिला. मीच त्या मेल्याला सगळं सांगितलं, आणि त्यानं तिला बुडवली? रडू यावं म्हणून?"

तेवढ्यात शिवणवाली आली. डोळे पुसत.

"बिचारे तुमचे मिस्टर! आयुष्यभर मनाला लागून राहिलं असेल ना? म्हणूनच प्यायला लागले का हो ते?"

थोरलीनं दाराची चौकट घट्ट धरली, नाहीतर तिच्या हातून काहीतरी झालं असतं.

"कुणी बुडालं नाही," आई म्हणाली. "माझ्या बोटीतून एक माणूस बुडालं नाही कधी. मी चालवायचे बोट. मी!"

शिवणवालीनं तिच्याकडे बघितलं. तापलेल्या पोराकडे बघावं तसं. "अहो, तुम्हीच तर म्हणाला होतात, सगळं जसंच्या तसं." मग आवाज खाली आणून थोरलीला म्हणाली, "हबकल्यात त्या. काहीतरी गोड द्या खायला."

ती गेल्यावर आई खुर्चीत बसली. तिनं खुर्ची टीव्हीकडून फिरवून भिंतीकडे केली होती. आपलं नाव, आपली नखं, आपला सगळा जन्म तिनं हसत हसत कप्तानाला देऊन टाकला होता. त्याबरोबर ती गर्भार बाईही जाईल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"बघ, सांगत होते ना" हे वाक्य थोरलीनं कितीतरी दिवस तयार ठेवलं होतं. आता म्हणायची वेळ आली तर तोंडातून निघेना.

"उद्या मुलांना सोडलंस की मला धक्क्यावर ने," आई भिंतीला म्हणाली.

आईची बोट कधीच भंगारात गेली होती. धक्क्याला आता मालिकेतली बोट होती. चित्रीकरण संपल्यावर कुणीतरी ती सहलीला लावली होती, 'कप्तानाबरोबर एक फेरी' अशी पाटी लावून. तिकिटाच्या खिडकीत टोप्या, कप, पिशव्या, आणि सगळ्यांवर छापलेलं, 'चढले तेवढे उतरले'. आईनं एक कप उचलला, उलटा करून बघितला आणि परत ठेवला.

"हा पण त्यानंच केला असेल," ती म्हणाली. "कप्तानानं."

बोट भरली. चालवणाऱ्याच्या डोक्यावर तीच टोपी, तोंडाशी माइक. पाण्याच्या मध्यावर येऊन त्यानं इंजिन मंद केलं.

"मंडळी, इथंच. याच पाण्यात कप्तानाच्या हातातून तो हात सुटला..."

लोकांनी मोबाइल काढले. एका बाईनं पर्समधून फूल काढून पाण्यात सोडलं. फूल! थोरलीचे कान तापले. तोवर आई उभी राहिली होती.

"आजी, बसा. पडाल."

"मी? बोटीत? पडेन?" आईचा आवाज माइकशिवाय मागच्या बाकापर्यंत गेला. "इथं कुणी बुडालं नाही. बोट मी चालवायचे. आणि तुमचा कप्तान तिथं झोपायचा!"

तिनं बोट दाखवलं तिथं पुढच्या टोकाला एक माणूस पाय पसरून फोटो काढत बसला होता. तो पटकन सरकला. सगळी बोट हसली. कुणीतरी टाळी वाजवली. मागून आवाज आला, "मस्त! आजीबाईपण ठेवल्यात यांनी!"

"ती नटी नाही!" थोरली ओरडत उठली. "ती माझी..."

आईनं तिला खांदा दाबून खाली बसवलं. "बस. बोट हलतेय."

मग बोट परत वळली. लोक आईबरोबर फोटो काढत होते, आणि ती त्यांच्यातून समोरच्या पाण्याकडे बघत होती. धक्का आला तशी ती उठली. एक पाय धक्क्यावर, एक बोटीत.

"आजी, सरका ना," टोपीवाला म्हणाला.

आई सरकली नाही. तिनं पहिल्या माणसाचं मनगट धरलं आणि त्याला वर ओढलं. मग दुसऱ्याचं. हसणारे हसत आले आणि हात चोळत गप्प होऊन उतरले. पाण्यात फूल सोडणारी ती बाई आली.

"आई गं! दुखतंय हो."

"दुखू दे. सुटला नाही ना?"

पुढच्या फेरीची रांग आत घुसायला लागली. "थांबा!" आई कडाडली. "अजून एक आहे."

ती एक म्हणजे थोरली. आईनं तिचंही मनगट धरलं, तितकंच करकचून, आणि तिला धक्क्यावर घेतलं. मग आई वळली. मालिकेत कप्तान म्हणायचा तसं गोड, लांबवून नाही, तर शिवी हासडावी तसं ती ओरडली,

"चढले तेवढे उतरले!"

रांगेतला पुढचा माणूस उचललेला पाय तसाच धरून थांबला. टोपीवाल्यानं टोपी काढून हातात घेतली. का, ते त्यालाही कळलं नसावं. कुणी टाळी वाजवली नाही.

आईला धाप लागली होती. तिनं थोरलीचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"चल," ती म्हणाली. "आधी शिवणवालीकडे. गोड खायला सांगितलंय ना तिनं? तिच्याच घरी खाते. आणि ताडपत्रीपासून सगळं ऐकवल्याशिवाय तिला जागची उठू देत नाही."