सुतकातली फायनल

गोवा राज्य झालं त्या वर्षीच्या थंडीत माझी सून विनोदिनी कॉलेजच्या शेवटच्या वर्गात होती. शिकलेली म्हणून करून आणली, तर व्हॉलीबॉल तिच्याबरोबर आंदण आला. सोयरिकीत त्याचा कुणी उल्लेख केला नव्हता. मी शाळेत नावापुरती गेले, पण खेळ मला एका बैठकीत कळला. बाकीच्या उड्या मारतात आणि एक जण सगळ्यांना चेंडू वाढते, पंगतीत वाढावं तसा, कुणाला काय हवं ते बघून. ती वाढणारी म्हणजे आमची. एकेका कॉलेजला घरी पाठवत त्यांनी फायनल गाठली. त्यांच्या कॉलेजच्या मुली तिथवर कधीच पोचल्या नव्हत्या.

फायनल तोंडावर आली आणि सुर्ल्याचा विठू मेला.

विठू माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. भाषेच्या भांडणात तो कोकणीवाला, आम्ही मराठीवाले. गणपतीच्या चवथीलासुद्धा एकमेकांच्या घरी जाणं बंद झालं होतं. पण बोलणं तुटलं म्हणून सुतक तुटत नाही. सगळ्या भावकीला दहा दिवस, आणि फायनल त्यातच.

"जिवंतपणी कधी एक नारळ दिला नाही," मी म्हटलं, "आणि मरायला बरा मुहूर्त सापडला."

"आई, मेलेल्याला तरी सोड गे," माझा मुलगा शिवदास म्हणाला.

विनोदिनीनं बुटांची नाडी काढून धुतली, वाळवली, परत घातली आणि बूट खाटेखाली सारले.

सुतकात बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. आणि कुणाला किती सुतक, शिवलं तर न्हायचं कुणी, हे विचारायला अख्खं मये गाव माझ्याकडे येतं. माझ्याच घरात ते मोडलं तर उद्या मला कोण विचारणार? शेजारची कमल कुंपणावरून म्हणालीच, "सून खेळतली मगे?" तिला उत्तर नको होतं, बातमी हवी होती.

संध्याकाळी टीमला शिकवणारे सगुण मास्तर आले. अंगणातच उभे राहिले.

"काकी, तिच्याजागी दुसरी नाही. आणि परीक्षा झाली की तिचं कॉलेज संपलं. पुन्हा फायनल कुठली?"

"एकीच्या जिवावर टीम बांधलीत, ती चूक तुमची."

मास्तर परत जायला वळले. मलाच मग विचारावंसं वाटलं.

"तुमच्या खेळात समोरच्या मुलींना शिवावं लागतं?"

"नाही. मधे नेट असतं. त्याला हात लागला तरी फाऊल."

"आणि आपसात?"

"पॉइंट मिळाला की टाळी देतात. पण तसा नियम नाही."

"मग टाळ्या बंद. चेंडूला सुतक नाही."

विनोदिनी दारात आली. "खरंच, मांय?"

"बसमध्ये कुणाकुणाला शिवशील ते देव बघेल. मैदानात मी बघणार. मी येतेय."

म्हापशाला फायनलला मी पहिल्या ओळीत बसले. सुनेनं शब्द पाळला. पॉइंट मिळाला की बाकीच्या धावत एकत्र यायच्या आणि ही दोन्ही हात पाठीमागे धरून बाजूला. मोठे फटके मारणारी सुविधा दरवेळी टाळीला हात उचलायची आणि आठवण झाली की कपाळ पुसायची. तरी मुली शेवटच्या गेमपर्यंत झुंजल्या. शेवटचा चेंडू आमच्या सुनेनं नेमका वाढला, पण सुविधानं तो नेटमध्ये मारला. हरल्या.

सुविधा तिथंच बसली आणि हमसून रडू लागली. सगळ्या तिला बिलगल्या. आमची तेवढी लांब उभी, हात पाठीमागे. ती सुविधाकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मला ते बघवेना. मी उठले आणि चुन्याच्या रेषेवरून थेट आत गेले.

"माझ्याकडे काय बघतेस? ती तिथं रडतेय. जा, धर तिला."

"मांय, सुतक..."

"सुतक मला शिकवू नकोस. शिवलं तर न्हायचं असतं, एवढंच."

ती अशी धावली, की सगळ्या जणी एकमेकींवर कोसळल्या.

न्हायचं म्हटलं म्हणजे न्हायचं. परत जाताना त्यांची गाडी मी मयेला थांबवली. टीममधल्या ख्रिस्ती फिलोमिनाला म्हटलं, तुला गरज नाही गो. "मी एकटीच कोरडी कशाला, काकी?" म्हणून तिनं सगळ्यांच्या आधी घागर ओतून घेतली. गार पाण्यानं पोरी किंचाळत होत्या, मधेच कुणी तरी त्या शेवटच्या चेंडूचं काढायची, की एखादी तिच्या डोक्यावर पाणी ओतायची.

आमच्या विहिरीचं पाणी सुतकातलं, ते चालणार नव्हतं. म्हणून न्हाण चाललं होतं कमलच्या विहिरीवर. कमल पदर खोचून बाहेर आली.

"विचारलं तरी असतं."

"सुतक आहे गे," मी कुंपणाच्या अलीकडून म्हटलं, "तुझ्या दारात विचारायला येऊ कशी?"