डोळ्यांमधलं अंतर

"हा नको. याच्याहून मोठा बघ," बुआलाई म्हणाली.

सवेंगने अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे सिमेंटच्या टाकीच्या काठावर हलकेच आपटला. चार-दोन रातकिडे तळाशी पडले आणि भोपळ्याच्या सालींखाली पळाले. त्यातली अंड्यांनी फुगलेली एक मादी त्याने दोन बोटांत धरली आणि बुआलाईच्या नाकासमोर आणली.

"याच्याहून मोठं पाहिजे तर ताई, आता मला कोंबडी पाळायला लागेल."

"हीच दे. एकच."

"एकच? पालीनंही शील घेतलंय की काय तुमच्या?"

बुआलाई हसली. डबीचं झाकण लावून, ती डबी पदराआड धरल्यासारखी खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळून घराकडे निघाली. एक दिवसाआड ती यायची, सर्वांत मोठा किडा मागायची आणि एकच न्यायची. सवेंगला त्याचं कोडं होतं, पण त्याने कधी खोदून विचारलं नाही. रातकिड्यांची शेती करणाऱ्या माणसाला एका किड्याचं काय. आमच्या ईसानात, थायलंडच्या या ईशान्य भागात, घरोघरी परसात अशा गोल टाक्या आहेत. भात निघाला की त्यांचाच आधार. सवेंग पोत्याने किडे उकडून बाजारात धाडायचा.

बुआलाई मात्र जीव मारण्याच्या बाबतीत फार हळवी. बाजारात जिवंत मासा तडफडताना दिसला तर ती दुसऱ्या ओळीतून जाई. उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात पहिल्या रांगेत बसायची, आणि भंते प्रवचन गाऊ लागले की तिचे डोळे आपोआप मिटायचे. नुसतं सांगितलेलं प्रवचन तिला कोरडं वाटे. गायलेलं असलं की ते थेट आत जाई, पाणी मुरतं तसं.

पाल तिची नव्हतीच. ती विलावनची, तिच्या एकुलत्या एक मुलीची. विलावनचा संसार मोडला, शहरातलं दुकानातलं काम सुटलं आणि ती आईकडे परत आली तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी होती आणि एक काचेची पेटी. पेटीत पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली, जाड शेपटीची लेपर्ड गेको. नाव फाकथोंग, म्हणजे भोपळा. घरातल्या भिंतीवरच्या पालींना पापण्या नसतात, हिला होत्या. पोट भरलं की ती सावकाश डोळे मिटायची आणि विलावन तिच्याकडे बघत बसायची.

बुआलाईला ते बघवत नसे. एकदा शेजारच्या घराच्या वास्तुशांतीला बायकांची पंगत बसली होती. कुणीतरी विलावन कुठे आहे म्हणून विचारलं. विलावन मागेच उभी आहे हे बुआलाईला माहीत होतं. तरी ती म्हणाली, "घरात असेल. बाळाला भरवायच्या वयात पालीला किडे भरवतेय."

बायका हसल्या. विलावन पुढे आली, आईच्या शेजारी बसली, चिकट भाताचा गोळा करून जेवली. त्या दिवसानंतर दोघींत भांडण असं झालंच नाही. विलावनने तैवानच्या कारखान्यासाठी नाव घातलं, आणि उन्हाळ्याच्या आत तिचं जायचं ठरलंही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने खराट्याची एक काडी घेतली. पालीचं डोकं अलगद धरून दोन डोळ्यांमधल्या जागेवर काडी टेकवली आणि तेवढाच तुकडा मोडून आईच्या हातात दिला.

"किडा याच्याहून रुंद नको. लहान लहान पाच-सहा, एक दिवसाआड. आणि ही कॅल्शियमची पांढरी पूड लावून. विसरायचं नाही आई."

बुआलाईने तो तुकडा नवऱ्याच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवला. त्याच वेळी तिला पंगतीतलं ते वाक्य मागे घ्यायचं होतं. पण मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती, पाठ करून. बुआलाईने घड्या घालायला हात लावला आणि राहूनच गेलं.

मग रविवारी फोन यायचा. पडद्यावर विलावनचा चेहरा, मागे दोन मजली खाटा. "आई, तिला दाखव." बुआलाई फोन काचेपाशी धरायची. पाल काय करते, कात टाकली का, शेपटी जाड आहे ना. दोघींना बोलायला तेवढाच विषय उरला होता, म्हणून बुआलाई तो फार जपायची. मुलगी परत येईल तेव्हा ही पाल धडधाकट हवी. न बोललेल्या त्या माफीच्या जागी तीच तेवढी ती मुलीच्या हातात देऊ शकणार होती.

पहिले काही महिने तिने सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. शेजारणीच्या टाकीतून काडी लावून लहान किडे निवडायचे, पुडीत घोळवायचे, पेटीत सोडायचे. पाल मान तिरकी करून एकेकावर झडप घाली आणि बुआलाई दुसरीकडे बघे. नंतर आंब्याच्या मुळाशी तांब्याने पाणी ओतून, मिळवलेलं पुण्य ती त्या जिवांच्या नावे करायची. एका उपोसथाला डोळे मिटून प्रवचन ऐकताना तिच्या मनात हिशेब आला. सहा जीव एक दिवसाआड. महिन्याला शंभराच्या घरात. मुलगी परत येईपर्यंत किती? गाणं चालूच राहिलं, पण तिला पुढचं काही ऐकू आलं नाही.

घरी येताना तिला तोड सुचली. पोट भरायचं तर सहा लहानांनी भरतं, तसं एका मोठ्यानेही भरेल. पाच जीव वाचले. इतकं सोपं आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचं तिला नवल वाटलं. त्याच दिवशी ती सवेंगकडे मोठा किडा मागायला गेली. फाकथोंगने तो पकडला, दोनदा तोंड आवळलं, कष्टाने गिळला आणि डोळे मिटले. बुआलाईने त्या एकाच जिवाच्या नावाने पाणी ओतलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

"लहानच देतेस ना?" विलावनने एका रविवारी विचारलं.

"तू सांगितलंस तसंच," बुआलाई म्हणाली. जीव न मारण्याचं एक शील सांभाळताना खोटं न बोलण्याचं दुसरं मोडलं हे तेव्हा तिच्या लक्षातही आलं नाही.

आमच्या पंचांगाच्या चौथ्या महिन्यात, उन्हाळा लागताना, मोठ्या प्रवचनाचा उत्सव असतो. पहाटेपासून सूर्य कलेपर्यंत भंते बुद्धाच्या मागच्या जन्माच्या कथेचे सगळे अध्याय गातात, आणि जो एका दिवसात ते सगळे ऐकेल त्याच्या पुण्याला पार नाही. बुआलाईने एकही वर्ष चुकवलं नव्हतं. रानात हरवलेली मुलं शोधत फिरणाऱ्या आईचा अध्याय नवरा गेल्यापासून तिच्याच घरच्या दानाने होई. त्या सकाळी तिने पांढरे कपडे घातले, फुलं घेतली आणि जाता जाता पेटीत डोकावली.

फाकथोंग पोटावर पसरली होती. मागचे पाय बाजूला फेकल्यासारखे. पोटाच्या पातळ कातडीतून निळसर काळा गोळा दिसत होता. ती बरेच दिवस घाण करत नव्हती; बुआलाईने उन्हाळा म्हणून मनावर घेतलं नव्हतं.

सवेंग विहाराच्या मागे शेवयांचं कालवण वाढत होता. निरोप मिळाल्यावर हातातलं ताट घेऊनच आला. त्याने पाल बघितली आणि ताट खाली ठेवलं.

"ही? एवढीच?" तो म्हणाला. "मला वाटलं तुमच्याकडे ती मोठी तोके पाल आहे, हातभर. म्हणून तर मी शोधून शोधून मोठे देत होतो."

मग बुआलाईने सांगितलं. काडीचं, शंभराचं, वाचलेल्या पाच जिवांचं. सवेंग एरवी कशावरही कोटी करणारा माणूस. त्याने फोटोच्या चौकटीतली काडी काढली, बोटावर ठेवून पाहिली आणि परत खोचली.

"ताई, मी पोत्यानं मारतो. नरकात माझी कढई कधीचीच तापत ठेवलीये. त्यात तुमचे पाच-सहा माझ्या हातून पडले असते तर काय मोठंसं? मला सांगायचं होतं, मी मारून दिले असते."

"मेलेला ती खात नाही," बुआलाई म्हणाली. "हलायला लागतो."

सवेंगने शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. त्याने कोमट पाण्यात बसवायला, बोटाने पोट चोळायला आणि उद्या घेऊन यायला सांगितलं. बुआलाईने भांड्यात पाणी घेतलं, मनगटावर तपासलं, बाळाला न्हाऊ घालताना तपासतात तसं. पालीची हनुवटी तिच्या बोटावर टेकलेली होती. विहाराच्या कर्ण्यातून अध्यायामागून अध्याय येत होते.

दुपारनंतर आईचा अध्याय लागला. यंदाच्या भंतेंचा गळा कोवळा होता. रानातली हाक ते इतकी लांबवत होते की वाटावं, हा आवाज आता विहाराची वेस ओलांडून खरंच कुणाला तरी शोधायला निघाला आहे. दरवर्षी या जागी बुआलाई रडायची. यंदा तिला रडायला सवड नव्हती. ती गाण्याच्या पलीकडे दुसरंच काही ऐकायचा प्रयत्न करत होती, बोटाखालचा श्वास.

पाण्यात एक काळा तुकडा तरंगून आला. रातकिड्याची उडी मारायची तंगडी, जशीच्या तशी, न पचलेली. सवेंग आनंदाने उठला, आता सुटेल म्हणाला, आणि घरून लहान किडे आणायला गेला. काडी बरोबर घेऊन गेला. डबाभर निवडून आणले त्याने, सगळे काडीच्या मापाचे, ट्रेच्या तुकड्यासकट.

तो परत आला तेव्हा बुआलाई हात पुसत होती. पाल पंच्यावर ठेवलेली होती. तिचे डोळे मिटलेले होते, पोट भरल्यावर मिटायची तसेच.

रविवारी फोन आला. बुआलाईने तो काचेपाशी नेला नाही.

"फाकथोंग गेली. माझ्यामुळं."

विलावनच्या मागे कुणीतरी हसत होतं. ते थांबलं. मग विलावन म्हणाली, "काडी दिली होती ना आई?"

"दिली होतीस. आहे अजून."

"मग?"

"सहा जीव नको वाटले. एकावर भागवलं."

बुआलाईला वाटलं, मुलगी ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला कामावर जायचंय," ती म्हणाली आणि पडदा काळा झाला.

पुढचे कितीतरी रविवार फोन आला नाही.

डब्यातले लहान किडे राहिले होते. सवेंग म्हणाला, परत नेतो. शेजारणी म्हणाल्या, विहाराच्या आवारात सोड, तेवढंच पुण्य. बुआलाईने दोन्ही केलं नाही. हातात आयतं येणाऱ्या त्या पुण्याचाच तिला आता धीर होत नव्हता. तिने किडे काचेच्या पेटीत सोडले. रोज सकाळी ती भोपळ्याची फोड बारीक चिरून त्यांच्यापुढे ठेवी. किडे वाढले. काडीच्या मापाबाहेर गेले. त्यांना पंख फुटले, आणि एका संध्याकाळी त्यातला एक गाऊ लागला. मग दुसरा.

अशाच एका संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर विलावन होती, खाटेवर आडवी, थकलेली. बुआलाईने वाक्य तयार ठेवलं होतं. पंगतीत त्या दिवशी मी बोलले, तिथून सुरुवात करायची होती.

"कसला आवाज येतोय गं?" विलावनने विचारलं.

"तिच्यासाठी आणलेले. लहान होते तेव्हा. मोठे झाले आता."

"तू पोसलेस?"

"भोपळा घालते."

विलावनने डोळे मिटले. "फोन तिथंच ठेव आई. थोडा वेळ. बोलू नकोस."

बुआलाईने फोन पेटीच्या काचेला टेकवून उभा केला. दोन पावलं मागे सरून चटईवर बसली, विहारात बसते तशी, पाय एका अंगाला घेऊन, हात जोडून. किडे गात होते. पडद्यावर मुलीचा चेहरा नव्हता. तिने फोन उशीवर घेतला असावा. नुसता कान दिसत होता, आणि त्यावर आलेली केसांची बट.