मागे फिरवलेली तारीख

मी तारखेचा शिक्का बोलतोय. शाईच्या पॅडशेजारी पडलेला असतो ना, लाकडी मुठीचा, पोटात रबरी पट्ट्या असलेला, तोच. आजवर हजारो कागदांवर बोललो असेन, पण दर वेळी तेच दोन शब्द. 'माल रवाना', आणि खाली तारीख. आज जरा लांबलचक बोलायची वेळ आली आहे, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. स्वतःसाठी नाही. रबराला कुणी तुरुंगात टाकत नाही.

माझा जन्म सदाशिव पेठेतला. जिन्याखालच्या टीचभर दुकानात एक काका शिक्के बनवत. दोन हजार चौदा साली मकबूलचाचा मला न्यायला आले. त्यांनी मला हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "ह्याची तारीख बदलते ना?"

काकांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "तारीख आपोआप बदलते. शिक्क्याची बदलायला चाकं दिली आहेत. रोज येऊन फिरवून द्यायला आमच्याकडे माणूस नाही."

चाचा हसले. मलाही हसू आलं होतं, पण त्या बोलण्यातली गोम तेव्हा कळली नाही. माझ्या पट्ट्यांवर दिवस, महिना, साल सगळं सुटं सुटं आहे. मनात आणलं तर माझ्यावर एकतीस फेब्रुवारीसुद्धा छापता येते आणि मी तक्रार करू शकत नाही. ज्याचा अंगठा चाकावर, त्याची नियत माझी.

चाचांची नियत चांगली होती. वारज्याहून खडकवासल्याकडे जाताना डाव्या हाताला आमचा कारखाना. पाण्याच्या मोठ्या नळांना लागणारे व्हॉल्व तिथे बनतात. मालक रणजितशेठ. त्यांच्या वडिलांनी गावाकडची निम्मी जमीन बिल्डरला दिली आणि उरलेल्या निम्म्यावर ही शेड घातली. चाचांचं काम गेटजवळच्या खोलीत. माल बाहेर जाताना सोबत जो कागद जातो, त्याला चलन म्हणतात. त्या चलनावर मला दाबायचं आणि शेजारी सही करायची.

त्यात चाचांचा एक नियम होता. ट्रक भरला म्हणून शिक्का नाही, ट्रक सुरू झाला म्हणूनही नाही. ट्रकची मागची चाकं गेटच्या लोखंडी पट्टीवरून पलीकडे गेली, की मग शिक्का. ड्रायव्हर वैतागायचे. गाडी बाहेर लावून पुन्हा चलन न्यायला आत चालत यायला लागायचं. "चाचा, तुमच्यापेक्षा पासपोर्ट लवकर मिळतो," असं एक जण म्हणाला होता. चाचा म्हणायचे, "रवाना म्हणजे रवाना. गेटच्या आत आहे तोवर तो आपलाच माल." मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. ह्या एवढ्याशा गोष्टीवर कंपनीची वर्षाची विक्री ठरते, हे मला पुढे कळलं. एकतीस मार्चपर्यंत गेटबाहेर पडलेला माल ह्या वर्षाचा, नंतरचा पुढच्या वर्षाचा.

पहिल्यांदा माझं चाक उलटं फिरलं ते चार वर्षांपूर्वी. एक एप्रिलची सकाळ होती. हिशेब खात्याचे अनंत साहेब स्वतः खोलीत आले. मनुष्य वाईट नाही. रोज स्वतःचा डबा अर्धा दुसऱ्याला देणारा, शर्टाची वरची गुंडीही न सोडणारा.

"मकबूलभाई, काल तो सातारचा ट्रक पंक्चर झाला म्हणून राहिला. माल तयार, बिल तयार, पार्टी तयार. एका टायरपायी वर्षाची विक्री कमी दाखवायची का?"

"पण साहेब, गेला आज."

"अहो, एका दिवसानं काय आभाळ कोसळणार आहे?"

चाचांनी अंगठा चाकावर ठेवला. बराच वेळ नुसताच ठेवला होता. मग कट् असा आवाज झाला, आणि मी कालचा झालो. आभाळ खरंच कोसळलं नाही. दुपारी चहा आला, संध्याकाळी भोंगा झाला, सगळे घरी गेले.

पण एप्रिलचा माल मार्चमध्ये दाखवला, की एप्रिलमध्ये तेवढा खड्डा पडतो. पुढच्या मार्चला तो खड्डा बुजवायचा आणि वर वाढही दाखवायची, कारण बँकेला वाढ हवी असते. पहिल्या वर्षी एक चलन होतं. दुसऱ्या वर्षी पाच झाली, मग अकरा, मग सव्वीस. जुने ऑडिटर यायचे, फाइल चाळायचे, "तुमच्याकडे सगळं कसं वेळच्या वेळी असतं," म्हणायचे आणि सही करून जायचे. माझा त्यांच्यावर फार राग आहे. गेटवर येऊन त्यांनी एकदा जरी विचारलं असतं, तरी पुढचं टळलं असतं. वर्षात सातच महिन्यांना एकतीस तारीख असते. म्हणजे माझ्यावरचा एकतीसचा आकडा कमी वापरलेला, ठसठशीत राहायला हवा होता. तो इतर आकड्यांहून जास्त झिजला होता.

मग आलं दोन हजार पंचवीस. एक मोठी कंपनी रणजितशेठची निम्मी मालकी विकत घ्यायला तयार झाली. अट एकच, वर्षाची विक्री शंभर कोटींच्या वर हवी. शेठनी भावकीत सांगून टाकलं होतं. अनंत साहेबांना त्यात छोटा हिस्सा कबूल झाला होता. कामगारांना वाटत होतं, पगार वाढतील. ज्याला त्याला शंभरचा आकडा हवा होता, आणि माल तर रंगवायच्या शेडमध्ये निम्माशिम्मा पडलेला.

दोन एप्रिलपासून अकरा एप्रिलपर्यंत एकोणपन्नास चलनांवर माझ्याकडून एकतीस मार्च छापून घेतलं गेलं.

"साहेब, ह्यातल्या निम्म्या मालाला रंगही लागला नाही," चाचा म्हणाले.

"लागेल हो. ऑर्डरी खऱ्या आहेत ना? आपण कुणाच्या खिशातून काढतोय का? जरा आधी लिहितोय, इतकंच." अनंत साहेबांच्या कपाळावर घाम होता. पंखा तर जोरात चालू होता.

चाचा शिक्का मारत होते आणि मी मोजत होतो. त्यांचा हात जड झाला होता. पूर्वी मला टेकवायचे, आता आपटायचे.

जूनमध्ये त्या मोठ्या कंपनीच्या ऑडिटर आल्या. ऋतिका मॅडम. ह्यांनी चहा घेतला नाही आणि फाइलही आधी मागितली नाही. पहिल्या दिवशी तासभर गेटवर उभ्या राहून ट्रक कसे जातात ते नुसतं पाहिलं. त्या संध्याकाळी चाचांनी मला खिशात घातलं आणि घरी नेलं. का, ते त्यांनाही ठाऊक नसावं. लपवावंसं वाटलं असेल.

वारज्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. रझियाचाचींनी शर्ट धुवायला घेतला आणि मी त्यांच्या हाताला लागलो. त्यांनी मला वृत्तपत्राच्या कडेला दाबून पाहिलं. त्याच दुपारी त्या एकोणपन्नासांतल्या एका चलनाची दुसरी प्रत करायला मला पुन्हा मागे फिरवलं होतं, आणि नेमकी तीच तारीख राहून गेली होती.

"अहो, ही एकतीस मार्च कशाला लावून ठेवलीय?"

"काम होतं."

"एकतीस मार्चला कसलं काम? ईद होती त्या दिवशी. आदल्या दिवशी पाडवा म्हणून कारखाना बंद, आणि एकतीसला तुम्ही रजेवर. दिवसभर फरहतकडे होतो की आपण कोंढव्याला. नातवाला खांद्यावरून खाली ठेवलं नाहीत."

चाचा खाटेवर बसले ते बसलेच. एकोणपन्नास चलनं, एकोणपन्नास सह्या, आणि सही करणारा त्या दिवशी कोंढव्यात शिरखुर्मा खात होता. चाचा विसरले, कारण त्यांच्यासाठी ईद ही ईद होती, एकतीस मार्च नव्हतीच. अनंत साहेब विसरले, कारण त्यांच्या डोक्यात एकतीस मार्चशिवाय दुसरं काही नव्हतं. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी चाचांनी डब्यातून आणलेला शिरखुर्मा ह्याच अनंत साहेबांनी दोन वाट्या खाल्ला होता.

चाचांनी मग चाचींना सगळं सांगितलं. चाची ओरडल्या नाहीत. "उद्या ते म्हणतील मकबूलनं केलं. सही कुणाची आहे?" एवढंच म्हणाल्या.

सकाळी चाचांनी अनंत साहेबांना गाठलं. ईदची आठवण करून दिली. मॅडमनी त्याच दिवशी मार्चची हजेरी मागवली होती. साहेब उठून शेठच्या केबिनमध्ये गेले, दहा मिनिटांनी चाचांना आत बोलावलं. मी खिशातच होतो.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "बोटाचं मशीन त्या दिवशी बंद होतं असं लिहू. हातानं हजेरी लावू. तुम्ही फक्त म्हणायचं, ईद असूनही वर्षअखेर म्हणून कामावर आलो होतो."



रणजितशेठ खुर्चीतून उठून जवळ आले. एरवी शेठ शहरी बोलतात, पण जीव टांगणीला लागला की गावची भाषा येते. "चाचा, दोनशे घरांची चूल हाय ही. तुमच्या एका शब्दावर हाय. मी कधी तुमाला परकं मानलं का?"

"नाही, शेठ. कधीच नाही."

"मग?"

"तारीख मागं घेतली, शेठ. माझी चूक झाली, मी घेतली. आता तुम्ही माझी ईद मागताय." चाचा म्हणाले. "नमाज पढून आलो, लेकीच्या घरी जेवलो. तो दिवस घडलाच नाही म्हणून कसं सांगू?"

शेठ खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटतं त्यांना लाज वाटली होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. "इचार करा," एवढंच म्हणाले.

विचार करायला वेळ कुठे होता? साडेअकराला ऋतिका मॅडम गेटजवळच्या खोलीत आल्या. समोर एकोणपन्नास चलनं पसरली. अनंत साहेब दारात उभे होते, हातात नवा हजेरीपट.

"चाचा, आपण एकतीस मार्चला कामावर होतात?"

बाहेर ट्रकवर चढवत असलेल्या मालाचा खणखणाट ऐकू येत होता. चाचांचा हात खिशातल्या माझ्यावर घट्ट आवळला होता. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. मी जर बोलू शकलो असतो तर काय म्हणालो असतो? गप्प राहा म्हणालो असतो बहुतेक. माझ्यात तेवढं धैर्य नाही.

"नव्हतो," चाचा म्हणाले. "ईद होती."

"मग ह्या सह्या?"

"माझ्याच आहेत. एप्रिलमध्ये केल्या. दोन तारखेपासून अकरापर्यंत. माल त्याच्याही नंतर गेला."

"कुणी सांगितलं करायला?"

चाचांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. अनंत साहेब निघून गेले होते, हजेरीपट घेऊन.

चाचांनी मला खिशातून काढून मॅडमसमोर ठेवलं. त्याआधी चाक फिरवून त्या दिवसाची खरी तारीख लावली, दहा जून. मग त्यांनी सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वीचा पंक्चर ट्रक, मग पाच, अकरा, सव्वीस. मॅडम लिहीत होत्या. मध्ये एकदा त्या थांबल्या आणि चाचांसमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

आता मी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि पिशवी एका लोखंडी कपाटात. इथे फाइलींखेरीज सोबत नाही. अधूनमधून कपाट उघडतं तेव्हा चार शब्द कानावर येतात. व्यवहार मोडला. चौकशी लागली. कारखाना चालू आहे, पण दोन पाळ्यांची एक पाळी झाली. शेठ म्हणतात, मला हिशेबातलं काही कळत नाही. अनंत साहेब म्हणतात, माझ्याकडे जसे कागद आले तसे मी चढवले. चाचांना चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नका असं सांगितलं आहे. ह्यापुढे काय झालं, ते मला कळलेलं नाही. कपाट उघडलं की आधी त्यांचं नाव ऐकू येतं का, म्हणून मी जीव मुठीत धरून असतो.

तुम्ही कधी ही फाइल उघडलीत, तर माझी एक विनंती आहे. शंभरचा आकडा कुणी मागितला, तो कुणाला हवा होता, एका दिवसानं काय होतंय असं कोण म्हणालं, हे सगळं नीट शोधा. चलनं हातात घेऊन शोधू नका, तिथे ते सापडणार नाही. शेठची सही त्यांच्यावर नाही. अनंत साहेबांची नाही. वर्षानुवर्षं न बघता मान डोलावणाऱ्यांचीही नाही. त्या एकोणपन्नास कागदांवर दोघंच आहेत, मी आणि मकबूलचाचा. आणि आमच्यातला खरं बोलला तो एकच.