माझं लेकरू धाडा

चंद्रभागाबाईला भाषण कुठून येणार? साखऱ्याच्या माळावर मेंढरं राखण्यात तिचा जन्म गेला. पण पोरगा प्रभू फौजेत, ऐन सीमेवर. आणि निवडणूक तोंडावर आलेली. मग तिला मंचावर बसवल्याशिवाय उमेदवार नानासाहेबांचं भागतं कसं?

नानासाहेब मोठे वस्ताद. पाण्याचा विषय काढला की लोक उभे राहून जाब विचारायचे. सीमेचं नाव घेतलं की टाळ्या पडायच्या. त्यांचा पक्ष सत्तेत होता आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी हे हेरलं होतं. पलीकडच्या देशातलं सरकारही डळमळलेलं. तिथल्या पुढाऱ्यांनीही हेच औषध काढलं. इकडच्या सभेला तिकडच्या सभेतून उत्तर जायचं. सीमेवरच्या एका चकमकीचा दोघांनी मिळून असा वणवा केला की आता मागं सरायची कुणाचीच सोय राहिली नव्हती.

चंद्रभागाबाईला यातलं काही नको होतं. सून रागिणीला आठवा महिना लागला होता आणि प्रभूच्या रजेचं काही कळत नव्हतं. "मंचावर येऊन चार शब्द बोला, मावशी. रजेचं मी वर सांगतो," असं नानासाहेब म्हणाले, तेवढ्यासाठी ती गेली.

माईक पुढं आला. एवढ्या माणसांपुढं तिला एकच सुचलं. "माझं लेकरू धाडा!"

'घरी' हा शब्द घशातच राहिला. नानासाहेबांनी माईक ओढून घेतला. "ऐकलंत? माय म्हणते, माझं लेकरू लढाईवर धाडा! मग आपण भ्यायचं का?"

"न्हाई, न्हाई!" चंद्रभागाबाई कळवळून ओरडली. लोकांना वाटलं, म्हातारीनं उत्तर दिलं. मैदान दणाणलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हिडिओ देशभर फिरला. आता तर आयाच युद्ध मागू लागल्या, असं टीव्हीवाले सांगू लागले.

मग प्रभूचा फोन आला. "माय, तुझा व्हिडिओ साऱ्या पलटणीनं पाहिला."

"अरं, म्या घरी धाडा म्हणत व्हते! घरी! त्या मेल्यानं माईक वढला."





"माय, माझी रजा मंजूर झाली व्हती." प्रभू म्हणाला. "सामान बांधून राहिलो व्हतो, तवाच तुझा व्हिडिओ आला. पोरं म्हणली, तुझी माय अशी अन् तू घरी चालला? म्या रजा परत केली. पुढच्या चौकीसाठी नाव दिलं."

"मंग सांग त्यायला! माय चुकली म्हणून सांग!"

"आता कोण ऐकतंय, माय? आमी निघून राहिलो."

फोन तुटला. दुसऱ्या दिवशी लढाई सुरू झाली, आणि गावातले लोक चंद्रभागाबाईच्या पाया पडायला येऊ लागले.